कानाने स्वयंपाक करणाऱ्या मथुरामावशी

मथुरामावशी फोडणी ऐकायच्या. कढईत तेल तापलं की आपण वाकून बघतो. त्या मात्र तोंड खिडकीकडे वळवायच्या, डोळे मिटायच्या आणि डावा कान कढईच्या बाजूला करायच्या. मोहरी पडली की त्यांचा चेहरा क्षणभर अगदी स्थिर व्हायचा. मग 'हं' असा बारीक हुंकार, आणि हात जिऱ्याच्या डब्याकडे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना दुसऱ्या कानाने कमी ऐकू येत असावं.

आमची ओळख त्याच्या थोडी आधीची, आणि तीही आरडाओरड्यातून झालेली. अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन विभागात मला नोकरी लागली आणि सातपूरच्या कामगार वसाहतीत मथुरामावशींच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली. फाल्गुनातला रविवार होता. मी भाजीसाठी कांदा परतायला टाकला आणि फोनवर आईशी बोलत उभी राहिले. माझी खिडकी बरोबर त्यांच्या अंगणावर उघडायची. तिथून खणखणीत आवाज आला, "ए पोरी, कढई उतरव! कांदा गेला तुझा!"

बघते तर कांद्याच्या कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या. मी गॅस बंद करून खाली गेले. अंगणात खाटेवर बसून त्या शेवग्याची फुलं निवडत होत्या. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, कपाळावर गोंदण, नाकात चमकी.

"मावशी, काय नाक आहे हो तुमचं!" मी म्हणाले.

त्या हसल्या. "कांद्यातलं पाणी हाय तोवर तो बोलतो. पाणी संपलं का गप्प बसतो. गप्प बसला का बाईने पळायचं."

मला वाटलं, त्यांची बोलायची पद्धतच अशी असेल. माहेर विंचूरकडचं, कांद्याच्या खळ्यावर वाढलेली बाई. कांद्यांबद्दल माणसांसारखं बोलणारच. त्या दिवशी त्यांनी मला त्याच फुलांची भाजी खायला घातली. भिजवलेली मूगडाळ, हिरवी मिरची, आणि वरून फुलं. फुलं शेवटी टाकून त्यांनी झाकण ठेवलं आणि झाकणावर दोन बोटं टेकवून उभ्या राहिल्या. बोटांना झाकणाची थरथर कळत होती. थरथर बदलली तशी त्यांनी कढई उतरवली. मी आयुष्यात इतकी साधी आणि इतकी चवदार भाजी खाल्ली नव्हती.

शेवग्याचं ते झाड अंगणाच्या कोपऱ्यात होतं. त्याच्या खालच्या फांदीला त्या हात लावत नसत. ती फांदी शिंजिराची. अंगठ्याएवढा, निळाकाळा, उन्हात वळला की जांभळा चमकणारा तो पक्षी सकाळी सातच्या आसपास यायचा आणि उलटा लटकून फुलातला मध प्यायचा. मावशी त्याला 'पाव्हणा' म्हणायच्या. "पाव्हणा जेवल्याबिगर आपण फुलं उतरवायची नाय." एका वर्षी त्याच्या मादीने कढीपत्त्याच्या झुडपाला घरटं टांगलं, तर मावशींनी दीड महिना त्या झुडपाचं पान तोडलं नाही. दारात कढीपत्ता असताना आम्ही बाजारातून कढीपत्ता आणला.

चैत्र जवळ आला की त्यांच्या स्वयंपाकाला वेगळीच हुशारी यायची. चिंचेची कोवळी पालवी आणून ती डाळीत टाकायच्या. पहिल्या कैरीची डाळ वाटायच्या, ती मिक्सरला न लावता पाट्यावर, कारण "मिक्सरात डाळ वरडते, आपल्याला काय ऐकू येत नाय." दरवर्षी होळीच्या आसपास काळा मसाला व्हायचा. अख्खी गल्ली त्यांच्याकडून मसाला न्यायची. धने भाजताना त्या चिमूटभर धने तळहातावर घेऊन चोळायच्या, खोबऱ्याचा काप मोडून त्याचा आवाज ऐकायच्या. भाजलं नसेल तर तो वाकतो, बरोबर भाजलं की टच्कन मोडतो. मी दिवसभर मायक्रोमीटर घेऊन लोखंडाचे तुकडे मोजणारी मुलगी. मला त्या धन्यांचं कौतुक नव्हतं, त्या चोळण्यातल्या खात्रीचं होतं. एकदाही त्यांनी कशाचा वास घेतला नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर वर्षभर घडत होतं आणि मला दिसलं नाही.

दिसलं ते दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये. कारखान्यात माझी पहिली पाळी होती. साडेतीनला घरी आले. फाटक उघडलं आणि गॅसचा वास नाकात घुसला. साधा नाही, डोकं गरगरावं असा. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं. मी दार ढकललं. मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या, चहाचं भांडं बर्नरवर, आणि त्यांच्या हातात लायटर.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मी त्यांचा हात धरला, लायटर काढून घेतला, शेगडीचं बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला, त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं. दुपारी दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि बटण अर्धवट सुरूच राहिलं होतं. सगळी दारं-खिडक्या उघडून मी बाहेर आले.

"मावशी, अहो एवढा वास! तुम्हाला वास आला नाही?"

त्या खाटेवर बसल्या होत्या. एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला वास येत नाय, वैशाली."

"म्हणजे? सर्दी झालीये?"

"तीन वर्सं झाली. कशाचाच येत नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या आणि त्यांचे यजमान नाना, दोघं एकाच दिवशी दवाखान्यात गेले. नाना सातपूरलाच एका कारखान्यात लेथ मशीनवर होते, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. दोघं गेले आणि मावशी एकट्या परत आल्या. लेक संदीप पुण्याला नोकरीला. त्याने सगळं केलं, दिवस केले, पंधरा दिवस राहिला आणि गेला. तोवर शेजारणी जेवण देत होत्या. संदीप गेल्यावर मावशींनी पहिल्यांदा स्वतः चूल पेटवली. मुगाचं वरण करायचं म्हणून तेलात जिरं टाकलं.

"जिऱ्याचा वासच नाय. मला वाटलं, जिरं जुनं झालं. टाकून दिलं. दुकानातून नवी पुडी आणली. तिचा पण नाय. दुकानदाराला म्हणलं, तुझ्या जिऱ्यात दम नाय. त्याने दुसरी दिली. तिसऱ्या पुडीला ध्यानात आलं, खोट माझ्यात हाय."

जिभेला खारट, आंबट, गोड, तिखट कळत होतं. त्याच्या पुढचं काहीच नाही. वांगं आणि बटाटा तोंडात सारखेच. पहिले तीन-चार महिने त्यांनी भाज्या करपवल्या, नासलेलं दूध चहात घातलं, त्या वर्षीचा राहून गेलेला मसाला काळाठिक्कर भाजून तो शेवग्याच्या बुंध्याशी पुरला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दुःखात बाईचं स्वयंपाकात मन लागत नाही. मावशींनी ते तसंच राहू दिलं.

"सांगितलं का नाही कुणाला?"

"संदीपला कळलं असतं तर त्याच दिवशी घेऊन गेला असता. मी काय वाईट म्हणत नाय त्याला. पण मग मी तिथं जाऊन काय करणार? बसून खाणार? ज्या बाईला भाजी जळाल्याचं कळत नाय, तिला कोण ओट्यापाशी उभं करंल?"

त्या काळात वसाहतीतले निम्मे कारखाने बंद होते. रस्त्यावर बस नाही, मोटारसायकली नाहीत, प्रेस मशीनचा धाडधाड आवाज नाही. पहिल्या लाटेनंतर सातपूर पुन्हा गप्प होतं, आणि या वेळी घरही. मावशी अंगणात बसून राहायच्या. एका दुपारी त्यांना 'टुक, टुक, टुक' असं काही ऐकू आलं. त्यांना वाटलं, कुणीतरी हातोडीने भांडं ठोकतंय. दोन दिवस त्या कोण ठोकतंय ते शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी समोरच्या उंबराच्या शेंड्यावर तांबट दिसला. हिरवा, कपाळाला लाल टिळा लावलेला, गळा फुगवून बोलणारा.

"पस्तीस वर्सं त्या झाडाखालून पाणी भरलं मी. तो तवाही बोलत असंल ना? मला ऐकूच आला नव्हता. मग मनात आलं, आपल्या कढईत पण काय काय बोलत असंल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नव्याने स्वयंपाक शिकायला घेतला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सवयीचं नाक बाजूला ठेवून. मोहरी किती वेळ तडतडते, जिरं पडल्यावर तेलाचा आवाज कसा बारीक होतो, भात शिजत आला की खदखद थांबून खालून चरचर कधी सुरू होते, शेंगदाण्याचं साल कधी सुटतं, बेसन भाजताना उलथन्याला कधी हलकं लागतं. एकेक पदार्थ दहा-दहा वेळा. चूक झाली की गाईला. वर्षभराने त्यांनी पुन्हा मसाला केला आणि भीतभीत शेजारी दिला. शेजारीण म्हणाली, "मावशी, अवंदाचा मसाला तर लयच झ्याक झालाय." त्या रात्री आपण पोटभर रडलो, असं मावशी म्हणाल्या.

 मी जे वर्षभर बोटं चाटत खाल्लं होतं, ते करणाऱ्या बाईला त्यातल्या एकाही घासाची पुरती चव माहीत नव्हती. मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला. मी लावला नाही, कारण त्यांना आवडलं नसतं.

पण गॅसचं काय? त्या म्हणाल्या, "संदीपला सांगू नको." मी म्हणाले, "मी सांगणार नाही. पण आज मी साडेतीनच्या जागी चारला आले असते तर? तुम्हीच सांगा त्याला." त्या माझ्यावर रागावल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मला खाली बोलावलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लाव त्याला. मी बोलते. तू हितंच उभी राहा."

संदीप त्याच रविवारी आला. आल्या आल्या त्याने सिलिंडर अंगणात आणून ठेवला. "आई, तू बॉम्बवर बसून स्वयंपाक करत होतीस! आजच्या आज चल."

"जेवून घे आधी," मावशी म्हणाल्या.

"जेवायचं सुचतं कसं तुला?"

"सुचतं. बस."

सिलिंडर बाहेर होता, म्हणून त्यांनी अंगणात तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या आणि त्याच्यावर पाटवड्यांचा रस्सा केला. मी आणि संदीप बघत होतो. चुलीचा धूर, रस्त्यावरून जाणारी बस, शेजारचा टीव्ही, त्या सगळ्यातून त्या त्यांच्या कढईचं ऐकत होत्या. वाटण परतताना त्यांनी एकदा हात वर केला, आम्ही गप्प बसलो. रश्शाला तेल सुटलं तसं त्या म्हणाल्या, "झालं."

संदीपने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग ताटात हात तसाच ठेवून म्हणाला, "तीन वर्षं मी इथून डबे भरून नेतोय. मला कळलं कसं नाही?"

"कळू नये म्हणून तर केलं एवढं."

तो उठून हात न धुताच अंगणाच्या टोकाला गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मावशी त्याच्या मागे गेल्या नाहीत. त्यांनी त्याच्या ताटात आणखी दोन पाटवड्या वाढल्या आणि वाट बघत बसल्या. तो आला, आणि सगळं जेवला.

न्यायचं काही त्याने पुन्हा काढलं नाही. पण गॅस घरात राहिला नाही. त्याने विजेची शेगडी आणून दिली. ती मावशींना मुळीच आवडली नाही. "मुकी हाय. जाळाचा आवाज नाय, काय नाय. कवा मोठी, कवा बारीक, काय समजायचं?" आठ दिवस त्यांनी तिच्याशी भांडण केलं. नवव्या दिवशी मी पाळीवरून आले तर त्या खुशीत होत्या. "सापडलं. ती नाय बोलत, पण भांड्याचं बूड बोलतं. स्टीलचं एक, लोखंडाचं एक." त्या दिवशी भाकरीसुद्धा फुगली होती.

या सगळ्यानंतर आमच्यात एक नवी गोष्ट सुरू झाली. आता गुपित राहिलं नव्हतं, त्यामुळे त्या मला विचारायला लागल्या. वरणावर तूप घालून वाटी माझ्यासमोर धरायच्या. "सांग, कसा येतो वास?"

"छान."

"छान म्हणजे कसा?"

मला सांगता येईना. एकदा चैत्रात कंपनीच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाला मोहोर आला होता, मी एक डहाळी घेऊन आले. त्यांनी ती हातात फिरवली, पाकळ्या बोटाने चाचपल्या. "याचा सांग."

"गोड आहे."

"गोड तर गूळ पण असतो. पोरी, तुला नाक हाय, जरा वापर की."

मी खजील झाले. वर्षभर मी त्या झाडाखालून ये-जा करत होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याखाली जाऊन उभी राहिले. सहकारी विचारत होते, काय करतेस? मी वास घेत होते. संध्याकाळी मी मावशींना सांगितलं, "आधी काही येतच नाही. मग वारा येतो तेव्हा येतो. मधासारखा, पण मधापेक्षा पातळ. आणि त्याच्या मागून थोडा कडवट, पान चुरगळल्यासारखा. झाडाच्या अगदी जवळ गेलं की कमी होतो, चार पावलं मागे आलं की वाढतो."

 "चार पावलं मागं. अगदी बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "मी इसरले होते."

मग रोजच मी काहीतरी सांगायचे. भाजलेल्या वांग्याचा वास, उन्हात वाळत घातलेल्या कुरडयांचा, द्राक्षाच्या पेट्या भरलेल्या टेम्पोचा, पाट्यावर चिरडलेल्या कैरीचा. सांगण्यासाठी आधी मला तो घ्यावा लागायचा. माझ्या जगात किती काय होतं आणि मी त्यातून नाक घेऊन नुसती चालत होते, हे मला नाक नसलेल्या बाईने दाखवलं.

या वर्षी संदीपची बायको बाळंत होणार होती. डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. तिने स्वतः फोन केला. "आई, मला तुमच्या हातचं खायचंय. याल का?" मावशींनी एका शब्दाने हो म्हटलं. "ती बोलावती म्हणून चालले," त्या मला म्हणाल्या. "कुणी उचलून नेत नाय मला." मसाल्याच्या चार बरण्या, पाटा-वरवंटा, लोखंडी तवा, सगळं बांधलं. गल्लीतल्या बायकांना मसाल्याचं प्रमाण लिहून दिलं नाही. प्रत्येकीला ओट्यापाशी उभं करून ऐकवलं.

निघायच्या सकाळी संदीप गाडीत सामान लावत होता. मावशींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून एक निळा शर्ट काढला. कारखान्याचा. खिशावर डाग, कॉलर विरलेली.

"यांचा. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी अंगात होता. धुतला नाय मी." त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तुला काय येतंय का बघ. नसंल येत तर नाय म्हण. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

मी शर्ट नाकाशी नेला. डांबरगोळ्यांचा वास. पत्र्याचा. जुन्या कापडाचा. चार वर्षं पेटीत राहिल्यावर दुसरं काय असणार? मी पाठीकडून घेतला, बाह्यांवरून घेतला. मावशी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडत होते. शेवटचं म्हणून डाव्या बाहीची दुमड उलगडली.

"थांबा," मी म्हणाले.

मी डोळे मिटले आणि पुन्हा घेतला. "कूलंटचं तेल आहे. आमच्या कारखान्यातही येतो हा वास, लेथजवळ. लोखंड कापताना गरम होऊन येतो तो. पण हा थंड आहे. आणि त्याच्या मागे," मला शब्द सापडेना, मी पुन्हा घेतला, "त्याच्या मागे तंबाखू आहे, थोडीशी. चुना आहे. आणि घाम. वाळलेला, खारट. उन्हातून सायकलवर आलेल्या माणसाचा."

 मावशींनी माझ्या हातातून बाही घेतली, जिथे मी नाक लावलं होतं तिथेच स्वतःचा चेहरा टेकवला आणि हळूहळू श्वास आत ओढला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"हां," कापडातूनच त्या म्हणाल्या. "आला."